बर्फ चांगला होता

टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. हे ठाऊक नसलेली माणसं मला अजून भेटतात. पपई पिकलेली नव्हे, कच्ची. चीक गळणारी, हिरवी, भोपळ्यासारखी बेचव. तिचे चौकोनी तुकडे करायचे, आठ-पंधरा दिवस मिठाच्या पाण्यात मुरत ठेवायचे, मग उकळून पाकात टाकायचे आणि तांबडा, हिरवा, पिवळा रंग द्यायचा. बर्फाच्या गोळ्यावर जी चेरी ठेवतात ती म्हणजे करवंद. तेही कच्चं, बी काढून, मूळचा रंग उडवून, वरून लाल केलेलं. त्या लाल मण्याला चेरी म्हणणारा पहिला माणूस कोण होता कोण जाणे. मीही काही उन्हाळे तेच म्हणत होतो, कारण मी हे पदार्थ बनवत होतो.

यंदा नातीच्या वाढदिवसाला सोसायटीच्या हॉलमध्ये गोळ्याचा काउंटर लावला होता. स्टीलच्या वाट्यांमध्ये टुटीफ्रुटी, चेरी, जेलीचे थरथरणारे तुकडे, खोबऱ्याचा कीस, रबडी. नात माझ्यासाठी प्लेट घेऊन आली. काउंटरवरच्या माणसानं गोळ्यावर वरून घट्ट पांढरं दूध सोडलं होतं आणि ते बर्फाच्या कडेनं खाली उतरत होतं. त्या पांढऱ्यात दोन हिरवे चौकोन तरंगत होते. मी प्लेट हातात घेतली, पार्किंगमध्ये गेलो आणि खांबाला धरून ओकलो. आत सूनबाई पाहुण्यांना सांगत होती, "बाबांना साखर चालत नाही ना." चार वर्षं आमच्या घरात सगळे हेच सांगतात. साखर मला चालते. मला जे चालत नाही ते आज लिहून ठेवतो आहे.

मी मूळचा चऱ्होलीचा. एकतीस वर्षं नोकरी केली, आधी भोसरीला आणि नंतर चाकणच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत, टर्निंगच्या मशीनवर. लोखंड कापताना तापतं, म्हणून त्यावर कूलंट सोडतात. मुळात ते तेलच असतं, पण पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. नवीन भरती झालेल्याला आम्ही हटकून म्हणायचो, "भावा, चहा टाक, दूध आलंय." रविवारची सुट्टी गेली की टाकीत साचलेलं ते दूध नासायचं. सोमवारी पहिल्या शिफ्टला मशीन शॉपचं दार उघडलं की कुजकी अंडी, मेलेला उंदीर आणि जुनं तेल यांचा मिळून एक भपकारा अंगावर यायचा. पहिली दोन वर्षं सोमवारी माझ्याच्यानं डबा खाववला नाही. पुढे वास येईनासा झाला. मी म्हणायचो, सवय झाली. खरं म्हणजे माझं नाक मेलं होतं, तेवढ्या एका वासापुरतं.

बायकोचं नाक मात्र शाबूत होतं. माझे कंपनीचे कपडे तिनं कधी घरात घेतले नाहीत. मागच्या मोरीवर त्यांच्यासाठी वेगळी बादली होती, वेगळा साबण होता. त्या बादलीला ती "कंपनी" म्हणायची. "कंपनी भरली बगा," म्हणजे कपडे धुवायला झाले.

निवृत्त झालो तोवर आमच्या शेतावर सोसायटी उभी राहिली होती. आम्हाला तिच्यातच फ्लॅट मिळाले आणि कंपाउंडच्या मागे एक पत्र्याची शेड आमच्याकडे राहिली. जन्मभर हात चाललेले, रिकामे बसवेना. ओळखीच्या एका बेकरीवाल्यानं मला टुटीफ्रुटी करायला शिकवली. मला ते काम आवडलं. पपईचे तुकडे मी असे कापायचो की कुठलीही बाजू मोजून घ्यावी. बायको म्हणायची, "खायाचंय का मशीनला लावायचंय?"

सोसायटीच्या गेटबाहेर गोळ्याची गाडी लावणारी एक बाई होती. बीडकडची, पस्तिशीची. नवरा कुरुळीच्या बाजूला एका कंपनीत कंत्राटावर. ती कशी काम करायची हे मी नीट सांगणार आहे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिचा बर्फ खायचा बर्फ असायचा, पहाटे स्वतः जाऊन आणलेला. लादी ती पोत्यात गुंडाळायची, पण पोतं वरून. आत उकळून वाळवलेलं पांढरं कापड. किसायच्या मशीनवर चढवण्याआधी साबणानं हात धुवायची, मग तांब्यानं लादी. मशीनचं पातं दिवसातून दोनदा काढून पुसायची. नखं कापलेली. पैसे घेतलेला हात बर्फाला लावायची नाही. गिऱ्हाईक स्वतः डब्यात पैसे टाकायचं. मी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनवाल्यांच्या हाताखाली काढली, त्यामुळे काम करताना माणसाचा हात कसा चालतो हे मला कळतं. त्या बाईचा हात साफ होता.

एक दिवस ती शेडच्या दाराशी आली.

"काका, लेकरं आता काला खट्ट्यावर भागंनात. वरून हे टाका, ते टाका म्हणायलेत. मोबाइलमधी बगून येत्यात."

"मग टाक की."

"इकतचं टाकायचं भ्या वाटतंय. कुठं बनवत्यात, कशात बनवत्यात, कुणी बघितलंय? तुमी घरी बनवता म्हणून आले."

तिला चांगलं सामान हवं होतं आणि म्हणून ती माझ्याकडे आली. हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत किती वेळा मनात म्हटलं असेल, त्याला गणती नाही.

दोन उन्हाळे छान गेले. गेटवर डिशमधला गोळा चालू झाला, वर माझी टुटीफ्रुटी, माझी करवंदं. सोसायटीतली माणसं मला लिफ्टमध्ये सांगायची, "काका, तुमच्या हाताला चव आहे." कंपनीत माझ्या हाताला कुणी चव आहे असं म्हटलं नव्हतं. मला ते गोड लागलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या वर्षी स्टीलची पातेली कमी पडायला लागली. चैत्र सुरू व्हायच्या आधी मी कुरुळीला भंगारवाल्याकडे गेलो आणि निळा ड्रम आणला.

आमच्या पट्ट्यात निळा ड्रम नाही असं घर दाखवा. कंपन्यांमध्ये माल येतो त्याच ड्रममधून, आणि रिकामे झाले की ते गावोगाव पसरतात. लग्नात पाणी त्यात, बांधकामावर पाणी त्यात, धान्य त्यात, लोणची त्यात. याच्यात आधी काय होतं हे विचारायची पद्धत नाही, आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं.

"शाम्पूचा हाय काका. दोनदा धुतलाय. प्यायचं पाणी ठेवा बिनघोर."

"नक्की?"

"आता तुमच्यासमोर पिऊ का त्यातून?"

मी हसलो आणि ड्रम टेम्पोत टाकला. घरी आणून तोंड कापलं, सोड्यानं घासला, चिंचेनं घासला, तीन दिवस पाणी भरून उन्हात ठेवला. पपई भरायच्या दिवशी बायको शेडमध्ये आली आणि दारातच थांबली.

"वास येतोय."

"कसला?"

"तुमच्या कपड्यांचा यायचा, तसला."

मी ड्रममध्ये खांद्यापर्यंत वाकलो, दोन-तीनदा दीर्घ श्वास घेतला. मला सोड्याचा वास आला, चिंचेचा आला. आणखी काही नाही.

"काही नाही. तुझ्याच नाकात बसलाय तो."

"माज्या नाकात न्हाई, ड्रमात हाय."

"अगं, त्या वासात एकतीस वर्षं कुणी काढली? तू का मी?"

"म्हनूनच म्हनते," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी पपई भरली, मीठ टाकलं, झाकण लावलं. इथवर ती चूक होती. कंपनीत आयुष्य काढलेला कुठलाही माणूस ती करू शकतो. नुसती चूक असती तर हे लिहायला बसलो नसतो.

त्या वर्षी सोसायटीतल्या बायकांनी ठरवलं की चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं आणि वाटली डाळ नको. दरवर्षी तेच तेच. त्याऐवजी गोळेवालीची गाडी आत बोलवायची. बाई सकाळीच आली. तिनं मंडपाखाली गाडी लावली, ओल्या फडक्यानं पुसून काढली. मी पांढरा सदरा घालून तिच्या शेजारी उभा राहिलो. ती बर्फ किसून सरबत घालायची आणि मी वरून चमचा-चमचा टुटीफ्रुटी टाकायचो. कुणी हातानं पुरे म्हटलं तरी आणखी टाकायचो. "घ्या हो, घरची आहे." तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, सात-आठ वर्षांची, चाटत-चाटत परत आली.

"आजोबा, हे साबणासारखं लागतंय."

"पाक जास्त झालाय बेटा. खा, छान लागेल."

तिनं माझ्याकडे बघत बघत खाल्लं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरुवात झाली. आधी लहान मुलं, मग बायका. कुणाला उलट्या, कुणाला जुलाब, कुणाला दोन्ही. मी खाली जायला निघालो तर लिफ्टचं दार उघडलं आणि आत कोपऱ्यात कुणीतरी ओकलेलं होतं. गुलाबी पाणी पसरलेलं, त्यावर फेस, आणि त्यात माझे तांबडे-हिरवे चौकोन जसेच्या तसे, कडा न मोडलेले. पोटानं ते घेतलेच नव्हते. मोजून घ्यावेत असे कापले होते ना मी. वॉचमन बादली घेऊन आला, त्यानं नाकाला रुमाल बांधला होता आणि तो म्हणाला, "काका, जिन्यानं जावा. इथं लई घाण वास मारतोय, तेलाचा का कशाचा."

तेलाचा म्हणाल्यावर मी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरलो.

मी शेडमध्ये गेलो. ड्रममधली उरलेली पपई घमेल्यात काढली, मिठाचं पाणी ओतून दिलं. ते जमिनीवर पसरलं तसं त्यावर रंगीत तवंग दिसला, डबक्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतो तसा. मी ड्रम आडवा केला. बुडाच्या कडेला आतून एक खोल खाच असते, तिथे घासणी पोचत नाही. मी त्या खाचेतून बोट फिरवलं. बोटाला पिवळट, बुळबुळीत काहीतरी आलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं आणि मला समजलं. नाक मेलं होतं, पण बोटं जिवंत होती. तरीही मी काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं आणि ते बोट बुडवून हलवलं. पाण्यात पांढरी दोरी सुटली, फुगली, आणि ग्लासभर दूध झालं.

मी तो ग्लास उजेडाकडे धरून एकदा पाहिला. मग कुणी बघायच्या आत मी तो मातीत ओतला, मिठाच्या पाण्याच्या खुणेवर माती ओढली, पपई खड्ड्यात पुरली. ड्रम उलटा करून शेडच्या मागे ठेवला. बाहेर आलो तर बायको दारात उभी होती. तिला वास आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबहाउसमध्ये मीटिंग भरली. बहुतेकांना बरं वाटत होतं, पण ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी सलाइनवर होती. डॉक्टरांनी खाण्यातून झालं एवढंच सांगितलं होतं. चेअरमन तरुण, आयटीतला, फोनवर बोलताबोलताच मीटिंग चालवणारा. गोळेवालीला बोलावून घेतलं होतं. तिला बसायला खुर्ची होती, पण ती उभीच राहिली. मी कमिटीत होतो, आणि जमीन आमची होती म्हणून पहिल्या रांगेत.

"बर्फ कुठून आणता तुम्ही?" चेअरमननं विचारलं.

"कारखान्यातनं. खायचा बर्फ हाय साहेब, कंपनीत वापरायचा न्हवं. पावती दाखवते."

"पावती काय, कशाचीही मिळते," मागून एक जण म्हणाला.

"मी सवता खाल्लाय काल. दोन गोळे खाल्ले. मला काई झालं न्हाई."

"सरबत घालून?"

"हा, सरबत घालून."

"आणि वरचं टॉपिंग?"

"ते मी खात न्हाई. दातात आडकतंय."

एक बाई, त्या मुलीच्या शेजारच्या, माझ्याकडे वळल्या. "काका, टॉपिंग तुमचं होतं ना?"

मी उत्तर द्यायच्या आत गोळेवाली बोलली. माझ्याकडे न बघता, चेअरमनकडे बघत बोलली. "काकांचं सामान चांगलंच आसतंय. त्यांच्यावर घालू नका. दोन वर्षं झाली मी वापरायले, कदी कुनाचं पोट दुखलं न्हाई."

तिनं माझी बाजू घेतली. तिनं एवढंच म्हणायचा अवकाश होता, "वरचं त्यांचं होतं," आणि ती सुटली असती. ती तसं बोलली नाही, कारण तिला ते खरं वाटत नव्हतं.

आणि मी उभा राहून म्हणालो, "माझ्याकडे सगळं स्टीलच्या पातेल्यात असतं. मला वाटतं बर्फाचीच गडबड असावी. उन्हाळ्यात बर्फाचा काही भरवसा नसतो."

माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. थरथरला नाही, अडखळला नाही. तिनं माझ्याकडे वळून बघितलं. रागानं नाही. काहीतरी हिशेब चुकतोय असं वाटल्यावर माणूस जसं बघतो, तसं.

पुढचं झटपट झालं. नोटीस लिहायची होती आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून ती मी लिहिली. "निकृष्ट बर्फामुळे रहिवाशांना विषबाधा झाल्याने सदर गोळाविक्रेतीस सोसायटीच्या परिसरात मज्जाव करण्यात येत आहे." निकृष्ट हा शब्द माझा. ती नोटीस बोर्डाच्या काचेमागे लावली. कुणीतरी त्या नोटिशीचा आणि शेजारी गाडी आवरत असलेल्या तिचा एकत्र फोटो काढला. आठवडाभरात तो चऱ्होलीतल्या, मोशीतल्या, पार पुनावळ्यापर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. मे महिना लागायच्या आत तिनं खोली सोडली.

मुलगी तिसऱ्या दिवशी घरी आली. बरी झाली. आता उंच झाली आहे, मला लिफ्टमध्ये नमस्कार करते. मी टुटीफ्रुटी बंद केली, कंबर दुखते म्हणालो. पातेली बायकोनं घरात वापरायला घेतली नाहीत, मोडीत दिली. तेव्हापासून तिनं माझ्या हातचा चहासुद्धा घेतलेला नाही. भांडण नाही, अबोला नाही. फक्त मी केलेला चहा गार होतो आणि ती उठून स्वतःचा करते.

यंदा होळीनंतर मी कुरुळीला एका जुन्या सहकाऱ्याला बघायला गेलो होतो. येताना एका कंपनीच्या गेटसमोर गाडीवर भजी तळणाऱ्या बाईनं मला हाक मारली.

"काका, वळखलं का?"

ओळखलं. मला वाटलं पळून जावं. तिनं स्टूल पुसून पुढे केलं, पोह्यांची प्लेट दिली. मी पोहे हातात धरून बसलो. गाडीवर सगळं गरम होतं. पोहे, भजी, चहा.

"गोळा बंद केलास?"

"बर्फाला हात लावायचा बंद केला. भ्या बसलंय. लोकं वळखत्यात." तिनं झारा कढईवर आपटला. "तुमाला विचारायचंच होतं मला. ह्या कंपनीत उन्हाळ्याचं ताक-सरबताचं काउंटर लावायलेत आत. मला द्यायचं म्हणले होते. आता कँटीनच्या सायबाच्या मोबाइलमधी कुनीतरी त्यो फोटो टाकला. त्यो म्हणतोय, बाई, तुमच्यावर केस हाय."

"केस कुठे आहे?"

"तेच मी म्हणलं. केस न्हाई, नोटीस हाय. म्हणला, मग कागद आना, बर्फ खराब नव्हता म्हणून. नवीन महिन्याच्या आत." ती थांबली. "काका, तुमी कमिटीत हाव. एक कागद लिहून देताल का? तुमचं अक्षर चांगलं हाय."

माझं अक्षर चांगलं आहे हे तिला कुठून कळलं, हे मी विचारलं नाही. तिनं नोटीस वाचली होती, खाली माझी सही होती.

मी देतो म्हणालो. घरी येऊन लगेच लिहिलं. "सदर महिलेचा बर्फ खराब नव्हता असे माझे मत आहे." खाली सही केली, घडी घातली. मला हलकंसुद्धा वाटायला लागलं होतं. बायकोनं घडी उलगडली, ओठ हलवत वाचलं आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"मंग खराब काय व्हतं, ते लिवा."

"तिला एवढंच पाहिजे."

"तिला पायजे ते तिला. पर पुसनारा पुसल की, बर्फ न्हाई तर काय? मंग ती काय सांगंल? तुमी परत दोष तिच्याच सरबतावर ढकलताय."

"चार वर्षं तू का गप्प बसलीस?"

"तोंड तुमचं व्हतं," ती म्हणाली. "मी वाट बगत व्हते."

दुसरा कागद लिहायला मला तीन दिवस लागले. त्यात ड्रम लिहिला, खाच लिहिली, ग्लासातलं दूध लिहिलं. मीटिंगच्या आधी मला माहीत होतं, हे लिहिलं. ते वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. आणि ज्या काचेमागे ती नोटीस होती, तिच्याच मागे हा कागद लावायला म्हणून चेअरमनकडे किल्ली मागायला गेलो. चेअरमन अजून तोच आहे. त्यानं कागद वाचला आणि फोन बाजूला ठेवला.

"काका, चार वर्षं झाली. कुणाला आठवतंय आता?"

"तिला."

"अहो, तिचं मान्य. तिला वेगळं लेटर देऊ ना आपण, लेटरहेडवर. पण हे बोर्डावर? लोक फ्लॅट बघायला येतात, बोर्ड वाचतात."

"त्यांनी वाचावं म्हणूनच लावायचंय."

"आणि तुम्हाला लोक काय म्हणतील? एवढे सीनियर तुम्ही. जमीनसुद्धा तुमची."

"जमिनीत मी पपई पुरलीय. कुठे ते दाखवू का?"

त्यानं किल्ली दिली. कागदाची झेरॉक्स लावली, तिचा फोटो काढला आणि जिथे जिथे जुना फोटो गेला होता असं मला वाटलं, तिथे तिथे सुनेला पाठवायला सांगितला. सुनेनं तो आधी वाचला, मग एकेका ग्रुपवर टाकला. मुलगा अजून माझ्याशी कामापुरतं बोलतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीची आई लिफ्टमध्ये भेटली. तिनं पुढच्या मजल्याचं बटण दाबलं आणि आपला मजला नसताना उतरली. मला ते बरोबर वाटलं.

मूळ कागद घेऊन मी कुरुळीला गेलो. शिफ्ट सुटायला अवकाश होता, गाडीवर कुणी नव्हतं. तिनं हात पुसून कागद घेतला. ती सावकाश वाचते, एकेका ओळीखाली बोट धरून. बोट ड्रमपाशी आलं तेव्हा ते थांबलं. मग पुढे गेलं. शेवटी परत वर आलं, एका ओळीवर.

"हे, मीटिंगच्या आदी म्हणून लिवलंय. म्हणजे मी तुमची बाजू घेतली, तवा तुमाला म्हाईत होतं?"

"होतं."

"मी बोलत होते तवाच?"

"हो."

तिनं कागदाची घडी केली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवी गल्ल्याच्या डब्याखाली ठेवली. कागद तिच्या कामाचा होता, तो तिनं ठेवला. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला, मला थांबवायला, एवढंच.

"जावा आता तुमी. शिफ्ट सुटंल, गिऱ्हाइकाची येळ हाय."

मी उठलो. चार पावलं गेल्यावर मागे वळून बघितलं, बघायला नको होतं. तिनं पिंपातून तांब्याभर पाणी घेतलं होतं आणि ती हात धूत होती. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, मनगटापर्यंत. मग ज्या स्टुलावर मी बसलो होतो, त्यावर उरलेलं पाणी ओतलं आणि फडकं फिरवलं. मला तो हात ओळखीचा होता. बर्फाची लादी मशीनवर चढवण्याआधी ती असाच हात धुवायची.

काउंटर तिला मिळालं का, ते मला अजून कळलेलं नाही, आणि तिला जाऊन विचारायचा माझा हक्क उरलेला नाही. ज्यांच्या मोबाइलमध्ये तो जुना फोटो असेल, त्यांच्यासाठी एवढंच. त्यातली बाई साफ हाताची आहे. नोटीस लिहिणारा हात माझा होता.